सळईचं ताणबल: चाचणी कशी होते, रिपोर्ट कसा वाचायचा

बारा मिलिमीटरची, साइटच्या भाषेत चार सुती, चांगली सळई मशीनमध्ये धरून ओढली तर साधारण सात टनांच्या आसपास तुटते. लॅबच्या रिपोर्टवर या भारावरून काढलेला आकडा 'टेन्साइल स्ट्रेंग्थ'च्या, म्हणजे ताणबलाच्या, रकान्यात बसतो. तिथल्या आकड्यांत तो सगळ्यात मोठा असल्यामुळे नजर आधी तिकडेच जाते. गंमत अशी की स्लॅब-बीमच्या हिशेबात इंजिनिअर हा आकडा थेट वापरतच नाही. तरीही तो लागतो, पण शेजारच्या आकड्यांसोबत. नुसता 'जास्त आला, म्हणजे माल चांगला' असं वाचलं तर रिपोर्ट चुकीचा वाचला.

हा लेख आरसीसीत, म्हणजे लोखंड घातलेल्या काँक्रीटमध्ये, वापरल्या जाणाऱ्या टीएमटी (रोलिंगनंतर पाण्याने झटकन थंड केलेल्या) सळईपुरता आहे. नमुना कसा काढायचा, मशीनवर काय घडतं, गणित कसं करायचं आणि आलेले आकडे कशाशी ताडायचे, हे क्रमाने पाहू. नियम भारतीय मानकाचे आहेत: सळईसाठी आयएस १७८६ (२००८ ची आवृत्ती) आणि ताण-चाचणीच्या पद्धतीसाठी आयएस १६०८.

ताणबल म्हणजे नेमकं काय

वस्तू ओढून तुटेपर्यंत तिने पेललेला सर्वांत मोठा भार घ्यायचा आणि त्याला तिच्या मूळ छेदाच्या क्षेत्रफळाने भागायचं. येणारं उत्तर म्हणजे ताणबल. भार न्यूटनमध्ये आणि क्षेत्रफळ चौरस मिलिमीटरमध्ये घेतलं की उत्तर न्यूटन प्रति चौरस मिमी येतं. यालाच मेगापास्कलही म्हणतात. जुने लोक किलो प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये बोलतात, त्यांच्यासाठी सुमारे १०.२ ने गुणायचं. ५०० न्यूटन प्रति चौरस मिमी म्हणजे अंदाजे ५,१०० किलो प्रति चौरस सेंटिमीटर. पुढे ताकदीचा नुसता आकडा किंवा नुसतं 'न्यूटन' आलं तर न्यूटन प्रति चौरस मिमीच समजा.

क्षेत्रफळाने भागायचं कारण उघड आहे. जाड दोर बारीक सुतळीपेक्षा जास्त ओझं पेलतो, पण म्हणून त्याचा काथ्या चांगला ठरत नाही. भागाकार केल्यावर जाडी बाजूला पडते आणि निव्वळ मालाचा गुण उरतो. भागताना घ्यायचं ते मूळ क्षेत्रफळ. तुटण्याआधी सळई एका जागी बारीक होते, ते बारीक झालेलं क्षेत्रफळ इथे धरत नाहीत.

अंदाज यावा म्हणून: अँगल-चॅनेलच्या साध्या स्ट्रक्चरल स्टीलचं (ई २५० ग्रेड) ताणबल किमान ४१० लागतं. पुलांच्या गर्डरमध्ये ताणून बसवतात त्या प्रीस्ट्रेसिंगच्या तारांचं १,८६० च्या घरात असतं. काँक्रीटचं मात्र केविलवाणं. एम २५ काँक्रीट दाबात २५ न्यूटन घेतं, पण वाकताना ताणाच्या बाजूला आयएस ४५६ या काँक्रीटच्या मानकातल्या सूत्राने (०.७ गुणिले ग्रेडचं वर्गमूळ) जेमतेम ३.५ वरच तडकतं. ताणाचं काम काँक्रीटला झेपत नाही, म्हणून बीमच्या तळाशी लोखंड घालायचं.

सळई ओढताना काय घडतं

आलेखावर आडवी लांबी-वाढ आणि उभा भार घेतला तर सुरुवातीला सरळ चढती रेघ दिसते. या टप्प्यात भार काढला की सळई पूर्वीच्या लांबीवर परत येते. वाढ अगदी थोडी असते. ५०० न्यूटनच्या प्रतिबलाला, म्हणजे स्ट्रेसला, एक मीटर सळई फक्त अडीच मिलिमीटर लांब होते.

मग अचानक रेघ आडवी पडते. भार वाढत नाही, सळई मात्र लांबत जाते. हा यील्डचा बिंदू. इथून पुढे सळई कायमची लांबली. आरसीसीचं डिझाइन या बिंदूवर बेतलेलं असतं. आयएस ४५६ प्रमाणे यील्डच्या ०.८७ पट ताण हिशेबात धरतात, म्हणजे एफई ५०० ला ४३५ न्यूटन. ग्रेडच्या नावातला ५०० हा किमान यील्डचा आकडा आहे, ताणबलाचा नव्हे. दुकानात सर्रास 'पाचशेची स्ट्रेंग्थ' म्हणतात आणि ती कोणती, हे बोलणाऱ्यालाही नेहमी माहीत असतंच असं नाही.

यील्डनंतर पोलाद पुन्हा घट्ट होत जातं, आलेख वळण घेत चढतो आणि माथ्यावर पोचतो. माथ्यावरचा भार म्हणजे ताणबलाचा भार. इथपर्यंत सळई सगळीकडे सारखी लांबत असते. माथा ओलांडला की एका जागी मान पडते, सळई तिथेच बारीक होत जाते, काट्यावरचा भार उतरू लागतो आणि मग मोठा आवाज होऊन दोन तुकडे होतात. आवाजाने दचकायला होतंच. जाळीचं कवच लावल्याशिवाय मशीनजवळ उभं राहू नये.

पुढे लागणारी आणखी एक गोष्ट. टीएमटी सळई आतून-बाहेरून एकसारखी नसते. शेवटच्या रोलमधून ती लालभडक बाहेर पडते, लगेच पाण्याच्या पेटीतून जाते आणि बाहेरचा थर झटकन थंड होऊन कडक होतो. गाभा अजून तापलेला असतो. कूलिंग बेडवर तीच आतली उष्णता बाहेरच्या कडक थराला थोडी मवाळ करते. नायट्रिक आम्ल मिसळलेल्या अल्कोहोलने घासलेला छेद पुसला की बाहेर गडद कडं आणि आत फिकट गाभा स्पष्ट दिसतो. कड्याने यील्ड मिळते, गाभ्याने लवचीकपणा. पाणी जास्त लागलं तर कडं जाड होतं. मग यील्ड वर जाते, पण लांबण्याची क्षमता घटते आणि ताणबल यील्डच्या फार पुढे जात नाही. रिपोर्टमधून मिलच्या पाण्याच्या पेटीत काय चाललं होतं, हे असं कळतं.

पायरी १: नमुना काढणं

सप्लायरने 'टेस्टिंगसाठी' वेगळे आणून दिलेले तुकडे घेऊ नका. साइटवर उतरलेल्या बंडलमधून, प्रत्येक व्यासासाठी वेगळे, स्वतः निवडून घ्या. बंडलच्या टॅगवरचा हीट नंबर (पोलादाच्या एका घाण्याचा क्रमांक) आणि मिलच्या टेस्ट सर्टिफिकेटवरचा हीट नंबर जुळतो का, हे तेव्हाच पाहा. जुळत नसेल तर ते सर्टिफिकेट त्या मालाचं नाही. सळईवर ब्रँड, ग्रेड आणि आयएसआय मार्क उमटवलेला असतो, तो वाचून लिहून ठेवा. टॅग सुटतो, पण सळईवरची अक्षरं जात नाहीत.

सळईच्या टोकाचा भाग मिलच्या कात्रीने चेपलेला असतो. तो वीतभर सोडून पुढचा तुकडा घ्या. ताणासाठी ६०० मिमीचे तीन तुकडे आणि वाकवण्याच्या चाचण्यांसाठी वेगळे तुकडे, इतकं लॅबला पुरतं. कापायला हॅक्सॉ किंवा कटिंग व्हील वापरा, गॅस कटर नाही. गॅसच्या आचेने टोकाजवळचं कडक कडं मऊ पडतं आणि टोक तिरकंही होतं, त्यामुळे लांबी नीट मोजता येत नाही.

तुकडा वाकडा असेल तर हातोड्याने ठोकून सरळ करू नका, सरळ तुकडा निवडा. वाकवून सरळ केलेल्या सळईत आधीच कायमची विकृती शिरलेली असते. तिच्या आलेखावर यील्डचा आडवा टप्पा पुसट होतो आणि आकडा बदलतो. मानकाप्रमाणे नमुना जसा रोल होऊन आला तसाच तपासायचा असतो. तापवायचा नाही आणि २८ मिमीच्या खालच्या सळईवर लेथही मारायचा नाही.

पायरी २: वजन, आणि वजनातून क्षेत्रफळ

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारी पायरी हीच. सळईला बरगड्या असतात, त्यामुळे व्हर्नियर लावून व्यास मोजण्यात अर्थ नाही. बरगडीवर धरला तर जास्त येतो, खाचेत धरला तर कमी. म्हणून क्षेत्रफळ वजनावरून काढतात.

तारेच्या ब्रशने सुटा गंज आणि मातीचा थर झाडा. निदान अर्धा मीटर लांबीचा तुकडा घ्या, लांबी मिलिमीटरपर्यंत आणि वजन ग्रॅमपर्यंत मोजा. किलोतलं वजन भागिले (०.००७८५ गुणिले मीटरमधली लांबी), म्हणजे चौरस मिमीत क्षेत्रफळ. ०.००७८५ हा पोलादाच्या घनतेवरून आलेला आकडा आहे.

प्रति मीटर नाममात्र वजनं पाठ असली तर बरं: ८ मिमी ०.३९५ किलो, १० मिमी ०.६१७, १२ मिमी ०.८८८, १६ मिमी १.५८, २० मिमी २.४७, २५ मिमी ३.८५. आठवत नसतील तर व्यासाचा वर्ग भागिले १६२. एका नमुन्याला चालणारी घट १० मिमीपर्यंत ८ टक्के, १० च्या वर ते १६ मिमीपर्यंत ६ टक्के आणि त्याहून जाड सळईला ४ टक्के.

वजनाकडे दुर्लक्ष केलं तर काय होतं, ते आकड्यांतच पाहा. १२ मिमीची सळई मीटरला ०.८३० किलो भरली, म्हणजे साडेसहा टक्के हलकी. तिचं क्षेत्रफळ १०५.७ चौरस मिमी. मशीनवर यील्ड ५१५ आली, त्यामुळे ५०० च्या परीक्षेत ती आरामात पास. पण प्रत्यक्षात तिने पेललेला भार ५४.४ किलोन्यूटन. ड्रॉइंग करणाऱ्याने ११३.१ चौरस मिमी आणि ५०० न्यूटन धरून ५६.५ किलोन्यूटन मोजलेले असतात. म्हणजे ताण पास, सळई नापास. बरं, माल वजनकाट्यावर घेतला तर टनात उलट बारा मीटरचे सहा-सात नग जास्तच मिळतात, त्यामुळे पैशात फसल्याचं कोणाला जाणवतही नाही. बीममध्ये मात्र नग मोजून पडतात.

पायरी ३: गेजच्या खुणा

सळई तुटेपर्यंत किती टक्के लांबली, हे ठरावीक लांबीवर मोजतात. ती लांबी म्हणजे ५.६५ गुणिले क्षेत्रफळाचं वर्गमूळ, साधारणपणे व्यासाच्या पाचपट. १२ मिमीला ६०, १६ ला ८०, २० ला १०० मिलिमीटर.

मधोमध दोनच खुणा करून मोकळं होऊ नका. सळई कुठे तुटेल हे तिच्यावर आहे. जबड्यांमधल्या सगळ्या मोकळ्या लांबीवर दर १० मिमीला बारीक खूण करा. तुटल्यावर तुटलेली जागा मध्ये येईल असे सहा टप्पे निवडायचे आणि त्यांची नवी लांबी मोजायची. खूण रंगाची किंवा हलक्या पंचाची असावी. खोल पंच मारला तर सळई तिथूनच तुटते आणि मग चाचणी सळईची झाली की पंचाची, असा प्रश्न पडतो.

पायरी ४: मशीनवर

याला युनिव्हर्सल टेस्टिंग मशीन, बोलीभाषेत यूटीएम म्हणतात. राज्यातल्या लॅबमध्ये दिसणाऱ्या बऱ्याच यूटीएम इचलकरंजी परिसरात बनलेल्या असतात. क्षमता आधी पाहा. १२ मिमीला ७०-७५ किलोन्यूटन पुरतात, २५ मिमीला सव्वातीनशेच्या आसपास लागतात आणि ३२ मिमी पाचशेच्या वर जाते. ४० टनी, म्हणजे सुमारे ४०० किलोन्यूटनच्या, मशीनवर ३२ ची सळई तुटणारच नाही. उलट शंभर टनी मशीनच्या पूर्ण रेंजवर ८ मिमीची बारीक सळई लावली तर काट्याचं वाचन ढोबळ होतं, त्यासाठी लहान रेंज निवडावी. भारमापनाचं कॅलिब्रेशन चालू मुदतीतलं हवं आणि मशीन किमान वर्ग १ चं, म्हणजे एक टक्क्याच्या आत चूक असणारं.

जबडे त्या व्यासाचे लावा, दात स्वच्छ करा. दातांत खपल्या भरलेल्या असतात आणि सळई घसरते ती बहुतेक त्यामुळेच. जबड्याच्या उंचीचा निदान तीन-चतुर्थांश भाग सळईवर बसला पाहिजे. थोड्या पकडीवर ओढलं तर सळई घसरते किंवा पकडीच्या तोंडाशीच तुटते. सळई दोन्ही जबड्यांच्या बरोबर मध्यरेषेवर उभी हवी. तिरकी बसली तर ताणाबरोबर वाकही येतो आणि आकडा खोटा कमी येतो. सळई धरण्याआधी भार शून्यावर आणा, धरल्यानंतर नाही.

आता वेग. यील्डपर्यंत ताण सेकंदाला ६ ते ६० न्यूटन प्रति चौरस मिमी या दराने वाढवायचा. १२ मिमीच्या सळईला हे सेकंदाला सुमारे ०.७ ते ६.८ किलोन्यूटन होतं. नऊ-दहा सेकंदांच्या आतच यील्ड गाठली तर मर्यादा ओलांडली असं समजा. पोलाद झटका दिला की जास्त ताकद दाखवतं, त्यामुळे घाईत केलेल्या चाचणीची यील्ड फुगलेली असते. दिवसाला पन्नास नमुने काढणाऱ्या ठिकाणी ही चूक ठरवून होत नाही, पण होते.

यील्डचा आडवा टप्पा स्पष्ट दिसला तर तिथला भार टिपा. टीएमटीत तो बहुतेकदा दिसतो. दिसला नाही तर ०.२ टक्के प्रूफ स्ट्रेस, म्हणजे सळई ०.२ टक्के कायमची लांबते तो ताण, काढायचा, आणि त्यासाठी एक्स्टेन्सोमीटर (सळईवर लावून बारीक लांबी-वाढ मोजणारं उपकरण) लागतोच. तो ५० मिमीच्या गेजचा असेल तर ०.२ टक्के म्हणजे फक्त ०.१ मिमी. आलेखाच्या सुरुवातीच्या सरळ रेघेला समांतर रेघ ०.१ मिमी सरकवून काढायची आणि ती जिथे वक्राला छेदते तो भार घ्यायचा. काही ठिकाणी एक्स्टेन्सोमीटर न लावता मशीनच्या क्रॉसहेडच्या (जबडा ओढणाऱ्या आडव्या भागाच्या) हालचालीवरूनच हा आकडा काढतात. जबड्यात सळई बसतानाच एक-दोन मिलिमीटर सरकते, त्यात ०.१ मिमी शोधणार कसा? रिपोर्टवर प्रूफ स्ट्रेस छापलेला दिसला की एक्स्टेन्सोमीटर लावला होता का, हे जरूर विचारा.

यील्डनंतर वेग वाढवला तरी चालतो. भार माथ्यावर जाऊन उतरू लागला की कमाल भार टिपून घ्या. एक्स्टेन्सोमीटर मोडू नये म्हणून मान पडण्याआधी काढून घेतात. मध्येच आलेखात करवतीसारखे दाते दिसले तर सळई घसरतेय. थांबवा, जबडे साफ करा आणि नवा तुकडा लावा. एकदा यील्ड होऊन गेलेला तुकडा पुन्हा लावून काही साधत नाही.

तुटलेली टोकं नीट पाहा. बारीक मान, मध्ये वाटीसारखा खळगा आणि राखाडी, धाग्यांसारखा मळकट पोत असेल तर सळई लांबून तुटली. मान जवळजवळ नाही, छेद सपाट आणि साखरेसारखा चमकणारा असेल तर ताणबलाचा आकडा कितीही भरघोस असो, माल ठिसूळ आहे. जबड्याच्या आत किंवा अगदी तोंडाशी तुटली असेल आणि आकडे कमी पडत असतील, तर ती चाचणी मोजू नये.

दोन तुकडे घट्ट जुळवून, सरळ रेषेत ठेवून खुणांमधली लांबी मोजा. फट राहिली की टक्केवारी फुकटची वाढते. ६० मिमीला एक मिलिमीटरची फट म्हणजे पावणेदोन टक्के.

पायरी ५: गणित

१२ मिमी, एफई ५०० डी ('डी' म्हणजे जास्त लांबू शकणारी ग्रेड), लांबी ६०० मिमी, वजन ५२२ ग्रॅम असं एक उदाहरण घेऊ.

मीटरला वजन ०.८७० किलो. नाममात्र ०.८८८ पेक्षा दोन टक्के कमी, चालेल.
क्षेत्रफळ: ०.५२२ भागिले (०.००७८५ गुणिले ०.६) = ११०.८ चौरस मिमी.
यील्डचा भार ६०.४ किलोन्यूटन, म्हणून यील्ड ५४५.
कमाल भार ७०.२ किलोन्यूटन, म्हणून ताणबल ६३३.
दोघांचं गुणोत्तर १.१६.
गेज ६० मिमीचा झाला ७१.४, म्हणून लांबण १९ टक्के.

इथे नाममात्र ११३.१ चौरस मिमीने भागलं असतं तर यील्ड ५३४ आणि ताणबल ६२१ आलं असतं. सळई हलकी असेल तितका हा फरक वाढतो. म्हणून रिपोर्टमध्ये कोणतं क्षेत्रफळ वापरलं, हे लिहिलेलं असावं. सळईच्या मानकाला वजनावरून काढलेलं क्षेत्रफळच अपेक्षित आहे.

'डी' ग्रेडला आणखी एक आकडा लागतो: कमाल भाराच्या क्षणी एकूण लांबण, किमान ५ टक्के. एक्स्टेन्सोमीटर माथ्यापर्यंत लावून ठेवला असेल तर तो आलेखावरूनच मिळतो. नसेल तर तुटल्यानंतर मानेपासून निदान ५० मिमी लांब, जिथे सळई सारखीच लांबली आहे तिथे, मूळच्या १०० मिमीच्या खुणा आता किती दूर गेल्या ते मोजायचं. त्या टक्केवारीत ताणबल भागिले २००० मिळवायचे. आपल्या उदाहरणात हे मिळवायचे ०.३२ टक्के. तुटण्याच्या लांबणीत मानेजवळची स्थानिक वाढ मिसळलेली असते, या आकड्यात ती नसते. म्हणून सळईचा खरा स्वभाव यातून जास्त कळतो. तरीही कित्येक रिपोर्टमध्ये हाच रकाना रिकामा असतो. 'डी'चे पैसे मोजले असतील तर तो मागून घ्या.

पायरी ६: आकडे मानकाशी ताडणं

एफई ५०० ला यील्ड किमान ५००, ताणबल प्रत्यक्ष यील्डपेक्षा ८ टक्के जास्त आणि तरीही ५४५ पेक्षा कमी नाही, लांबण १२ टक्के.
एफई ५०० डी ला यील्ड तीच, ताणबल प्रत्यक्ष यील्डच्या १० टक्के वर आणि किमान ५६५, लांबण १६ टक्के.
एफई ५५० डी ला यील्ड ५५०, ताणबल ८ टक्के वर आणि किमान ६००, लांबण १४.५ टक्के.
जुन्या ओळखीच्या एफई ४१५ ला यील्ड ४१५, ताणबल १० टक्के वर आणि किमान ४८५, लांबण १४.५ टक्के.

'प्रत्यक्ष यील्डपेक्षा' या शब्दांवर घसरायला होतं. समजा ५०० डी ची यील्ड ६१० आली आणि ताणबल ६५५. दोन्ही आकडे किमान मर्यादेच्या बरेच वर, सप्लायर खुशीत. पण ६१० च्या दहा टक्के वर म्हणजे ६७१ हवे होते. ही सळई नापास आहे. कारण वर आलंच आहे: पाणी जास्त, कडं जाड.

माल जालन्याच्या रोलिंग मिलचा असो की मोठ्या एकात्मिक कारखान्याचा, नियम एकच. भंगारापासून बनणाऱ्या पोलादात गंधक-फॉस्फरसवर लक्ष हवं. एफई ५०० ला दोन्ही प्रत्येकी ०.०५५ टक्क्यांपर्यंत चालतात, ५०० डी ला ०.०४० पर्यंतच. ते ताण-चाचणीत दिसत नाहीत, त्यासाठी रासायनिक चाचणी वेगळी मागवावी लागते.

भूकंपाच्या भागात 'जास्त' का चालत नाही

कोयनेसारख्या भूकंपाच्या पट्ट्यात, आणि जिथे इमारत डक्टाइल डिटेलिंगने (न तुटता लांबू-वाकू शकेल अशा सळयांच्या रचनेने) बांधायची आहे तिथे कुठेही, आयएस १३९२० (२०१६) च्या अटी वरून लागतात. एफई ५०० आणि ५५० वापरायच्या तर लांबण १४.५ टक्क्यांपेक्षा जास्त हवं. ताणबल आणि यील्डचं गुणोत्तर किमान १.१५ हवं. आणि प्रत्यक्ष यील्ड ग्रेडच्या आकड्यापेक्षा २० टक्क्यांहून जास्त असता कामा नये, म्हणजे ५०० च्या ग्रेडला ६०० च्या वर नाही. ही कमाल मर्यादा वाचून बरेच जण बुचकळ्यात पडतात. ताकद जास्त आली तर बिघडलं काय?

बिघडतं ते असं. भूकंपात इमारतीने हादऱ्याची ऊर्जा कुठेतरी जिरवायची असते. ती बीमच्या टोकांशी सळया यील्ड होऊन, लांबून जिरावी, असं डिझाइन असतं. तिथल्या सळया हिशेबापेक्षा फार दणकट निघाल्या तर बीम वाकायलाच तयार होत नाही आणि वाढलेला भार शिअरच्या (कातरणाऱ्या बलाच्या) रूपात बीमवर, सांध्यावर आणि कॉलमवर जातो. शिअरने तुटणारं काँक्रीट आगाऊ सूचना देत नाही. बीम वाकला तर घर मोडकळीस येतं, कॉलम गेला तर मजला खाली बसतो.

गुणोत्तराचंही तसंच. बीमला तडा जातो तिथे सळई आधी यील्ड होते. ताणबल यील्डपेक्षा पुरेसं वर असेल तर ती जागा घट्ट होते, भार वाढतो आणि शेजारचा भागही यील्ड होऊ लागतो. लांबण वीतभर सळईत वाटलं जातं. गुणोत्तर एकाला चिकटलेलं असेल तर सगळं लांबण त्या एका तड्यात एकवटतं आणि सळई तिथेच मान टाकते.

वरच्या उदाहरणातली सळई (५४५, १.१६, १९ टक्के) या तिन्ही अटींत बसते, पण गुणोत्तरात काठावरच. ५०० डी असूनही १.११ आलेली सळई आयएस १७८६ ला पास आणि १३९२० ला नापास होते. म्हणून मागणीपत्रात नुसतं 'एफई ५०० डी' न लिहिता 'गुणोत्तर किमान १.१५, यील्ड ६०० च्या आत' असं स्पष्ट लिहावं. माल उतरल्यावर वाद घालण्यापेक्षा ते सोपं.

वाकवण्याच्या चाचण्या थोडक्यात

ताण-चाचणीबरोबर बेंड आणि रीबेंड करून घ्या. ५०० डी ची २० मिमीपर्यंतची सळई व्यासाच्या तिप्पट जाडीच्या मँड्रेलभोवती (गोल दांड्याभोवती) १८० अंशांत वाकवतात, साध्या ५०० ला चौपट. बाहेरच्या बाजूला आडवा तडा दिसता कामा नये. रीबेंडमध्ये १३५ अंशांपर्यंत वाकवून अर्धा तास उकळत्या पाण्यात ठेवतात, थंड करतात आणि १५७.५ अंशांपर्यंत परत उलगडतात. साइटवर फिटर कॉलमच्या वाकलेल्या सळया पाइप घालून सरळ करतो, तेव्हा तो हीच चाचणी उकळत्या पाण्याशिवाय करत असतो.

नापास झाली तर

तीनपैकी एक तुकडा एखाद्या चाचणीत पडला तर लगेच माल परत पाठवायची गरज नाही. आधी रिपोर्टमध्ये तो कुठे तुटला आणि घसरला होता का, ते पाहा. मग त्याच लॉटमधून आणखी दोन नमुने काढून ती चाचणी पुन्हा करायची. दोन्ही पास झाले तर लॉट घ्यायचा, एकही पडला तर संपूर्ण लॉट नाकारायचा. पुन्हा पुन्हा नमुने काढून पास होईपर्यंत खेळत बसायला मानकात जागा नाही.

लॅब निवडताना एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता आहे का, एवढंच विचारू नका. मान्यता चाचणीनिहाय असते. काँक्रीटचे क्यूब फोडायची मान्यता असलेल्या लॅबकडे सळईच्या ताण-चाचणीची असेलच असं नाही. मान्यतेत येणाऱ्या रिपोर्टवर यूएलआर क्रमांक (त्या रिपोर्टचा स्वतंत्र ओळखक्रमांक) असतो. तो नसेल तर ती चाचणी मान्यतेबाहेरची आहे का, हे विचारावं. आणि निकाल येईपर्यंत त्या बंडलची सळई सेंटरिंगवर चढू देऊ नका. स्लॅबमध्ये बांधली गेलेली सळई नापास झाल्याचं कळलं, तर पुढचं भांडण कोण जिंकतं याने स्लॅबला काहीच फरक पडत नाही.